गयामावशीचे पाच बाजार

माझ्या माजलगावच्या मेडिकलमध्ये काउंटरच्या काचेखाली एक कागद सरकवून ठेवलेला आहे. त्यावर माझ्याच गिचमिड अक्षरात लिहिलंय, 'आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर वार ठरवून घ्या. बाजाराच्या दिवसावर जाऊ नका.' नवं गिऱ्हाईक ते वाचतं आणि विचारतं, हे काय नवीन? मी म्हणतो, ते एका बाईमुळं. बाईमुळं म्हटलं की माणूस काउंटरवर कोपर टेकवून उभाच राहतो. मग त्याला बाईचं वय सांगावं लागतं. साठीच्या पुढची आहे असं ऐकल्यावर निम्मे जण औषधाची पिशवी उचलून चालू लागतात. जे थांबतात त्यांना मी गयामावशी सांगतो.

गयामावशी कासारीण. नांदूरघाटच्या अलीकडं एका गावात माझं पहिलं दुकान होतं, त्याच गावची. माझ्या दुकानासमोरच्या ओट्यावर दर सोमवारी, म्हणजे आमच्या बाजाराच्या दिवशी, तिची बांगड्यांची पेटी उघडायची. माणसाचं तोंड ती नंतर बघायची, आधी हात. पंचवीस-तीस गावांतल्या बायकांची नावं तिच्या ध्यानात राहायची नाहीत, मापं मात्र पाठ. कुणाच्या लग्नात एखादीनं आपली लेक पुढं केली, "मावशी, ही आमची धाकटी, पुण्याला असती," तर मावशी त्या पोरीचा चेहरा न बघता पंजा हातात घ्यायची आणि म्हणायची, "व्हय व्हय, सव्वादोन. डाव्या अंगठ्याचं हाड जरा वर हाय. चौथीत असताना भरल्यात म्या हिला." पोरगी चाट पडायची.

मावशीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी तिच्या उजव्या हातात दोन हिरव्या काचेच्या बांगड्या कायम असायच्या. गावात बोलणाऱ्यांची तोंडं धरता येत नाहीत. एकदा एका म्हातारबानं सगळ्यांसमोर तिला विचारलंच, "गया, तुला ह्या शोभत्यात का?" मावशी म्हणाली, "शोभंना तर राहिलं. दुकानदाराला नमुना लागतो." पुन्हा त्या म्हातारबानं ओट्यापुढून जाताना मान वर केली नाही.

आता बांगडी भरणं म्हणजे काय, हे पुरुषमाणसाला समजत नाही. मलाही समजलं नसतं, पण मी वर्षानुवर्षं समोर बसून बघितलंय. काचेची बांगडी घट्ट बसायची तर ती पंजापेक्षा लहानच लागते. मग पंजा चोळायचा, अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबायचा, चारी बोटं गोळा करायची आणि नेमक्या क्षणी बांगडी पुढं सरकवायची. बाईनं हात ताठ धरला की संपलं. आणि दुखणार या भीतीनं प्रत्येक बाई हात ताठ धरतेच. त्याला मावशीचा इलाज होता बोलणं. पंजा दाबता दाबता ती एकदम आवाज खाली आणायची आणि म्हणायची, "तुजी सासू काय म्हणाली ठावं हाय का?" बाईचा जीव कानात यायचा, हात सैल पडायचा. "काय म्हणाली?" "म्हणाली, बांगडी बसली." बाई खाली बघायची तर खरंच बसलेली. ही एकच युक्ती मी हजार वेळा ऐकली असेल, पण दरवेळी हसलो.

मापाच्या बाबतीत मावशी सरळ सरळ खोटारडी होती. गावच्या एका मोठ्या घरच्या बाई अंगानं भरल्या होत्या, पण लग्नातलं सव्वादोनचं माप सोडायला तयार नव्हत्या. मावशीनं त्यांच्यासाठी अडीचच्या बांगड्या सव्वादोनच्या खोक्यात घालून ठेवल्या होत्या. बाई दिवाळीला आल्या, बांगड्या अलगद बसल्या, आणि त्या खुशीत म्हणाल्या, "बघ गयाबाई, अजून तेच माप!" मावशी म्हणाली, "तर! कंपनीच आता घट्ट काढायली, न्हाई तर तुमाला दोनाच्या बी बसल्या असत्या." त्या वर्षी त्यांनी चार डझन जास्तीच्या घेतल्या.

अशा बाईच्या हातालाच दुखणं धरलं.

आधी तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सोमवारी ती उशिरा यायला लागली. दहा वाजले तरी पेटी उघडेना. मी विचारलं तर म्हणाली, "सकाळची मूठच वळत न्हाई रे सुदाकर. गरम पाण्यात हात घालून बसावं लागतंय तासभर." मग तिच्या बोटांची पेरं सुजलेली मला दिसली, दोन्ही हातांची, एकसारखी. कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं पाण्यात हात घातल्यानं झालं, कुणी काळं तेल दिलं. कुठल्याशा बाबाकडून तिनं पुड्या आणल्या. पुडीनं दोन दिवसांत सूज उतरली, मावशी पुन्हा तोंडभर बोलायला लागली आणि महिन्याभरात तिचं तोंड गरगरीत झालं. त्या पुडीत स्टिरॉइडची गोळी कुटून घालतात हे औषधवाल्याला सांगावं लागत नाही. मी तिला पुडी सोडायला लावली आणि बीडला माल आणायला जायचो त्या एसटीत शेजारी बसवून नेलं.

बीडच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाई वयानं तरुण होत्या. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले. त्या म्हणाल्या, "मावशी, हा आमवात आहे. झिजेचा नाही, पाण्याचाही नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, रोगजंतूंशी लढणाऱ्या. त्यांच्यातल्या काहींना टी पेशी म्हणतात. परका कोण आणि घरचा कोण, हे ओळखायचं आणि बाकीच्यांना हुकूम सोडायचा, हे त्यांचं काम. तुमच्या टी पेशींची ओळख चुकलीय. त्या तुमच्याच सांध्यांना शत्रू समजतायत."

मावशीनं आपली सुजलेली पेरं एकदा चाचपली. मग ती म्हणाली, "मंजी मुकादम."

आमच्या भागातली निम्मी माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असे पंधरा-वीस कोयते मिळून टोळी, आणि टोळीवर मुकादम. मुकादम बोट दाखवेल त्या फडात टोळी शिरते. मावशीची निम्मी गिऱ्हाइकं टोळीतली, त्यामुळं हे तिला तोंडपाठ.

"मुकादमानं चुकीचा फड दावला," मावशी म्हणाली. "टोळी काय, दावला तो तोडणार. मपलाच ऊस मपलीच माणसं तोडायलीत. आसंच ना?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अगदी असंच."

"मग त्या मुकादमाला हाकलून कावून देत न्हाई तुमी?"

"हाकलला तर खरा रोग आल्यावर टोळीला कोण उठवणार? साध्या खोकल्यानं माणूस जाईल. त्या पुडीनं सरसकट सगळ्यांचीच तोंडं दाबली होती, म्हणून बरं वाटलं आणि म्हणूनच ती वाईट. ही गोळी वेगळी आहे. चवताळलेल्या टी पेशी भराभर वाढत असतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. वाढायला त्यांना माल लागतो. तो माल ही गोळी तोडते."

"मंजी मुकादम ठिवायचा, पर त्याला नवी माणसं भरू द्यायची न्हाईत."

"हो. पण हे सावकाश होतं. दोन-तीन महिने धीर धरावा लागेल, आणि दर महिन्याला रक्त तपासावं लागेल."

मावशीनं बोटांवर महिने मोजले. चैत्र चालू होता. "दसऱ्याच्या आत मला हात पायजेत बाई. दसऱ्याला टोळ्या जात्यात. सहा महिने त्या बायका फडात असत्यात. तिथं कुठली कासारीण? म्या भरल्याल्या बांगड्या पट्टा पडंपर्यंत टिकत्यात, म्हून थांबत्यात त्या माज्यासाठी." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात देते असा शब्द देत नाही. प्रयत्न मात्र पुरा करू." मावशीला हे उत्तर आवडलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "खोटं बोलली न्हाई. बांगड्या इकायच्या कामाची न्हाई, पर बाई चांगली."

चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, दर सोमवारी एक गोळी. आणि ती सोसावी म्हणून दुसऱ्या दिवशी जोडीला एक जीवनसत्त्वाची. आता माझी हुशारी ऐका. वार सांगून आमच्याकडं काही उपयोग नसतो, माणसं वार विसरतात, बाजार कुणी विसरत नाही. त्यामुळं आठवड्याची कुठलीही गोळी असली की मी सांगायचो, "बाजाराच्या बाजारी एक." शेतकरी, मास्तर, सुतार, सगळ्यांना तेच, आणि कुणाचं कधी चुकलं नाही. मावशीच्या हातात दहा गोळ्यांचं पाकीट ठेवून मी तेच म्हणालो. ती म्हणाली, "ध्यानात ऱ्हाईल बग. बाजार सोडून मला दुसरं हाय काय?" हे वाक्य मी कानांनी ऐकलं आणि डोक्यापर्यंत जाऊ दिलं नाही.

तिसऱ्या सोमवारी ती दुकानाच्या पायरीवर आली. बोलताना तोंड वाकडं करत होती. "ते तोंडाला लावायचं दे. तोंड आलंय सगळं. पाणी पिववत न्हाई. आन् ते गोळ्याचं पाकीट दे नवं."

मी म्हणालो, "नवं कशाला? दहा होत्या की."

"सपल्या."

"सपल्या कशा? दोन बाजार तर झाले."

"तुजं एका जागचं दुकान हाय म्हून तुला एकच बाजार," मावशी म्हणाली. "माजे आठवड्याला पाच. सोमवार हितला, मंगळवार, बुधवार, शुक्करवार, ऐतवार. एक बी बाजार चुकविला न्हाई म्या. ती दुसरी गोळी बिनबाजाराच्या दोन दिवशी घेतली, बराबर." आणि शाबासकीसाठी माझ्याकडं बघायला लागली.

आठवड्यातून एकदाची ती गोळी रोजच्यासारखी खाल्ली तर काय होतं, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते. मी शटर अर्धं खाली ओढलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून त्या दोनच शब्द बोलल्या, "लगेच आणा." समोरच्या किराणावाल्याची जीप मागितली. मावशीची सून सुनीता पिशवी घेऊन आली. पूर्ण रस्ता मावशी मला समजावत होती की तोंड तर उन्हाळ्यानं कुणाचंही येतं. माझ्या हातून ही बाई गेली तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

दवाखान्यात रक्त बघितलं तर पांढऱ्या पेशी फार खाली उतरलेल्या. उताऱ्याचं औषध शिरेतून सुरू झालं, मावशीला वेगळ्या खोलीत ठेवलं, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय आत जायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "मी वार लिहिला होता," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "माझी चूक." माझ्या धंद्यात एवढी शरम मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. त्या म्हणाल्या, "आठवडाभर आणखी घेतली असती तर मावशी इथवर आल्या नसत्या."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मावशीला बोलता यायला लागलं, आणि पहिलं बोलली ते डॉक्टरीणबाईंना. "सुदाकरला बोलू नगा. त्यानं बराबर सांगितलं, माजेच बाजार जास्तीचे." मग म्हणाली, "मुकादम ऐकंना म्हून मी त्याला घरी धाडायला गेले. मुकादम गेला, टोळी गेली, गाडीवान गेला, बैलं बी गेली. फडात चिटपाखरू न्हाई." डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "पेशी वाढतायत आता. येतील परत." "येऊ द्या," मावशी म्हणाली, "पर ह्या बारीला मी दारात बसून मोजून आत घेणार."

महिन्याभरानं, पेशी नीट झाल्यावर, गोळी पुन्हा सुरू करायची ठरली. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "मावशी, आठवड्यात एकच वार असा सांगा, जो तुम्ही कधीच विसरत नाही." मावशीनं विचार केला. आमच्या भागात शनिवारी बायका हात भरून घेत नाहीत, त्या दिवशी कासारणीला कुणी विचारत नाही. "शनवार," ती म्हणाली. "त्या दिवशी माजं कुणी न्हाई. बसू द्या गोळीला सोबत." शनिवारी मुख्य गोळी, रविवारी जोडीची. पाकिटावर मी मोठ्या अक्षरात 'शनिवार' लिहिलं, मावशीकडून तीन वेळा म्हणवून घेतलं, आणि तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लागलो, तुम्ही आठवड्यात किती बाजार करता? लोकांना वाटलं मेडिकलवाल्याचं डोकं फिरलं.

गोळी कामाला लागेपर्यंतचे ते महिने मावशीनं कसे काढले, हे बघण्यासारखं होतं. हात चालेनात म्हणून ती घरी बसली नाही. पेटी सुनीताच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसली. "हात हिचे, तोंड माजं," असं तिनं जाहीर केलं. सुनीता मुळात अबोल आणि नेकीची. ती पंजा धरायची तो एखाद्या कठीण गणितासारखा. इकडून मावशी सुरू करायची, "तुजी सासू काय म्हणाली ठावं हाय का?" पण दोघींचा मेळ बसेना. मावशीचा विनोद आधी संपायचा आणि बांगडी नंतर सरकायची, किंवा बांगडी आधी अडायची आणि विनोद मागून यायचा. एकदा तर मावशीनं काहीतरी असं सांगितलं की गिऱ्हाईक शांत राहिलं आणि सुनीताच खदाखदा हसली. तीन बांगड्या एकदम वाढवल्या. आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत. सुनीता डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आत्या, मला न्हाई जमायचं." मावशी म्हणाली, "आगं, तीन वाढवल्या तवा एक शिकलीस. म्या तर पयल्या वरसाला डझनावारी वाढवल्या. तुज्या आजेसासूनं मला पेटीसकट हाकललं व्हतं." त्या गिऱ्हाईक बाईनंही आपल्या हाताला लागलेलं रक्त पुसत सांगितलं, "राहू दे गं सुनीता, दुसरी भर." मावशीच्या ओट्यावर रडण्याला फारसा वेळ मिळत नसे.

श्रावण संपता संपता एका सकाळी मी शटर उघडत होतो. रस्त्यानं मावशी येत होती, लुगड्याचा पदर खोचलेला, उजवा हात वर, मूठ घट्ट आवळलेली. चहाच्या टपरीवाल्यानं तिला तसं येताना बघितलं आणि तो घाईनं आत गेला, कारण तिच्या नातवाशी त्याचा आदल्या दिवशी तंटा झाला होता. मावशीनं टपरी ओलांडली, थेट माझ्या तोंडासमोर मूठ धरली आणि म्हणाली, "बग."

"काय बघू?"

"आरं मूठ बग! आत्ता सात वाजलेत. गरम पाणी न्हाई, काय न्हाई. निजून उठले आन् वळली." आणि ती मूठ उघडून मिटून दाखवायला लागली. मी काउंटरच्या बाहेर आलो आणि तिच्या पाया पडलो. मला दुसरं काही सुचलंच नाही. ती म्हणाली, "ऊठ, माज्या पाया कशाला पडायलास, शनवारच्या पड." मग टपरीवाल्यालाही तिनं बाहेर बोलावून मूठ दाखवली. तो बिचारा हात जोडून उभा होता.

सगळं जसं होतं तसं झालं नाही. उजव्या हाताची दोन बोटं कायमची थोडी वाकडी राहिली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळी सोडायची नाही, ताप आला तर त्या शनिवारी थांबायचं आणि फोन करायचा. मावशीनं ते सगळं मान्य केलं, कारण तिला हवे होते ते हात दसऱ्याच्या आत मिळाले होते. एक-एक बाई ती घ्यायला लागली. आधी रोज दोन, मग पाच. सुनीताही तोवर तयार झाली होती.

टोळ्या निघायच्या दिवशी आमच्या गावच्या एसटी थांब्यापाशी ट्रॅक्टरची रांग लागते. ट्रॉलीत भांडी, गोणपाटं, कोंबड्या, लेकरं, वर खाट उलटी बांधलेली. निघण्याआधी बायका उतरून मावशीच्या पेटीभोवती बसतात. त्या सकाळी दोघी सासू-सुना आमनेसामने बसून भरत होत्या आणि मावशीच्या तोंडाला खंड नव्हता. मी दुकान उघडं टाकून रस्त्यात उभा होतो. ते सैल पडणारे हात आणि ते हसणं बघून मला आत कुठंतरी इतकं हलकं वाटत होतं की मधेच दुकानात जाऊन मी दोन गिऱ्हाइकांना चुकीचं सुटं दिलं.

मग एका बाईचा हात मावशीच्या हातात आला. तिशीची असेल, अंगानं काटक. मावशीनं पंजा दाबला, "तुजी सासू काय म्हणाली" एवढं म्हणाली आणि मधेच थांबली. तिला मधे थांबलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. तिनं दुसराही हात मागितला.

"सकाळची मूठ वळती का गं?"

बाई इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "न्हाई वळत मावशी. दोन म्हैने झाले. पर कामाला लागलं की मोकळी हुती. तुमी पावणेतीनच्या भरा, सैल."

"मी भरणार न्हाई," मावशी म्हणाली. "तुजा हात सव्वादोनचा हाय. म्या भरलाय, मला ठावं हाय. ही सूज हाय. सुजंला मी बांगड्या भरत नसते." मोठ्या घरच्या बाईंना वर्षानुवर्षं खुशाल खोटं माप सांगणारी हीच बाई, पण या बाईच्या बाबतीत एक सूतही हलायला तयार नव्हती.

तोवर मुकादम आला. "मावशी, आटपा. गाड्या निघायल्यात."

"हिला सोडून जा. दोन दिसांनी येती एसटीनं."

"आवं कोयता मोडतो माजा! नवरा एकटा काय करील?"

मावशी उठून उभी राहिली. उंचीनं ती त्याच्या खांद्याला लागत होती. "ह्या हातानं हिनं सहा म्हैने ऊस तोडला तर पुढल्या दसऱ्याला हिला भाकरी थापता येणार न्हाई. मग कोयता मोडंल तो कायमचा मोडंल. दोन दिवस मागतेय बाबा तुला, वरीस न्हाई." मुकादमानं त्या बाईच्या नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं ट्रॉलीतून बायकोची पिशवी खाली काढून मावशीच्या पायाशी ठेवली. मुकादम चरफडला, पण ट्रॅक्टर सुरू करायला सांगून निघाला.

बीडची एसटी आली. मावशीनं पेटी सुनीताकडं सरकवली, वीस-बावीस बायका अजून बसून होत्या, आणि त्या बाईला घेऊन गाडीत चढली. मी खिडकीशी गेलो, डॉक्टरीणबाईंना फोन केल्याचं सांगितलं. दिवाळीनंतर मी माजलगावला दुकान टाकायला आलो ते इथलाच झालो. मावशी फोनवर भेटते, पण डोळ्यांसमोर राहिली ती त्या सकाळचीच.

त्या बाईचा नवरा ट्रॉलीत मागं तोंड करून बसला होता आणि ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं मावशीला विचारलं, "मावशी, खरंच येतील का माजे हात परत?"

मावशीनं आपले दोन्ही हात तिच्या मांडीवर ठेवले, ती वाकडी बोटं आणि सगळं. "आज सकाळपासनं ह्या हातांनी दोन टोळ्या भरल्या," ती म्हणाली. "दाब. जोरात दाब, दुखत न्हाई."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तेव्हा ती बाई आपल्या सुजलेल्या बोटांनी मावशीचा हात दाबून बघत होती.